हिरडखिंडीचं अळणी जेवण

घाटाचं शेवटचं वळण संपलं की हिरडखिंड लागते. दोन्ही बाजूंना काळे कडे, मधून डांबरी रस्ता आणि रस्त्याच्या डाव्या हाताला खानावळी, टपऱ्या आणि कॅफे यांची रांग. इथे चुलीवरची नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मिळतं, मॅगी मिळते, उभ्या ग्लासात स्ट्रॉबेरी आणि क्रीम मिळतं. हल्ली एक नवा कॅफे झाला आहे. त्यात दरीकडे तोंड करून झोपाळे टांगलेत आणि यंत्रातली कॉफी देतात. शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही.

पण हिरडखिंडीत कुठेही बसा, जेवण अळणी येतं. भाकरी अळणी, पिठलं अळणी, झोपाळ्यांच्या कॅफेतले तळलेले बटाट्याचे कापसुद्धा अळणी. टेबलावर मीठ नसतं. मीठ असतं ते रांगेच्या टोकाला, हिरड्याच्या झाडाखाली, एका दगडी डोणीत. ज्याला हवं त्याने उठून जायचं आणि आपल्या हाताने घ्यायचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, खानावळीतलं माणूस ते आणून देत नाही. लोक चिडतात, फोनवर तक्रारी लिहितात. गाव वाचतं आणि गप्प बसतं.

थंडीतल्या एका दुपारी पुण्याहून आलेली चार माणसं शालन शेलारच्या खानावळीत जेवायला बसली होती. त्यांतल्या केतकी नावाच्या मुलीने पहिला घास घेतला आणि हसून हाक मारली.

"काकी, मीठ विसरलात वाटतं!"

"इसरले न्हाई ताई. तिकडं झाडाखाली हाय. उठा आन् घ्या."

"आणून नाही देणार?" तिच्या नवऱ्याने, निनादने विचारलं.

"न्हाई."

"टिप दिली तर?"

"गाडी दिली तरी न्हाई," शालन म्हणाली आणि पुढची भाकरी थापू लागली.

सगळे हसले. निनाद म्हणाला, "बीपीवाल्यांसाठी असेल हे. हेल्दी फूड." शालनचे सासरे बाबाजी शेलार दाराशी बाकावर बसले होते. त्यांना सगळे तात्या म्हणतात. बीपीचा विनोद त्यांनी पुष्कळदा ऐकलेला होता. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. केतकीने मात्र पाणी पिऊन पुन्हा विचारलं, "तात्या, खरंच, का हो असं?" दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला तात्या सांगतात. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितली ती ही हकीकत.

हा रस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. राज्य कुणाचं होतं ते सांगणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. आज एकाची माणसं सारा न्यायला यायची, उद्या दुसऱ्याची. खिंडीतून तेव्हा पायवाट जायची, एका वेळी एकच बैल जाईल एवढी. कोकणातल्या मिठागरांवरून मिठाच्या गोण्या लादलेले बैलांचे तांडे या वाटेने वर येत आणि धान्य घेऊन परत खाली उतरत. चढ असा, की माथ्यावर पोचलेला माणूस आधी आडवा व्हायचा आणि मग बोलायचा. हिरडवाडी हे गाव खिंडीपासून थोडं आत, रानाला टेकून वसलेलं. आणि खिंडीच्या तोंडाशी, आज जिथे शालनची चूल आहे तिथेच, भिवरा नावाच्या बाईची चूल होती असं सांगतात.

भिवरा तरुणपणीच विधवा झाली. पदरी एकच मुलगी होती, म्हाळसा. तांडेवाल्यांना भाकरी-पिठलं करून घालायचं आणि ते देतील ते घ्यायचं, यावर मायलेकी जगत. तांडेवाले मीठ देत, कधी सुकी मासळी देत. भिवराच्या घरात धान्याची चणचण असे, पण मिठाची कधी नसे. तिच्या हाताला मिठाचा अंदाज होता. पातेलं केवढंही असो, ती चिमटीने नव्हे, मुठीने मीठ टाकायची आणि ते बरोबर पडायचं. तांडेवाले म्हणायचे, "भिवरे, तुझ्या हातचं खाल्लं की खाली घरी गेल्यावर बायकोचं गोड लागत न्हाई." त्यावर ती म्हणायची, "मग बायकोला वर पाठव, मी शिकवते. तू तिथं सैपाक कर."

म्हाळसाला तिने खाली आंबेघोळला दिलं. खिंडीच्या कडेला उभं राहिलं की आंबेघोळची गवती छपरं आमराईत दिसायची. सकाळी तिथल्या चुली पेटल्या की छपरांतून धूर वर यायचा. त्यातला आपल्या लेकीच्या घरचा धूर कुठला, हे भिवराला ओळखता येई म्हणे. तो दिसला की ती आपल्या कामाला लागायची.

मग एका वर्षी घोडी आली.

सुगी नुकतीच उरकली होती. देशाच्या बाजूने लुटारूंची टोळी वर येताना दिसली आणि हिरडवाडीची माणसं होती तशी उठून रानात पळाली. रानाची त्यांना सवय होती. हाक ऐकू आली की म्हातारीकोतारीसुद्धा पाऊल न वाजवता झाडीत नाहीशी व्हायची. भिवरा मागे राहिली. चुलीवर पिठलं रटरटत होतं, ते टाकून जाणं तिला जमलं नाही. कुणी म्हणतं ती धीराची होती. कुणी म्हणतं तिला उशिरा कळलं. काही असो, टोळीचा म्होरक्या घोड्यावरून उतरला तेव्हा ती भाकरी भाजत होती. त्याला भूक लागली होती. तो बसला, तिने वाढलं, तो जेवला. त्याची माणसंही जेवली. जेवण आटोपल्यावर माणसं गावाकडे निघाली, तेव्हा म्होरक्याने त्यांना हात करून थांबवलं.

"हे गाव सोडा," तो म्हणाला. "हितलं मीठ खाल्लंय."

आणि भिवराकडे वळून म्हणाला, "या सालापुरतं बरं का, बाई. पुढच्या सालचं पुढं."

टोळी खिंडीतून खाली उतरली. हिरडवाडीची माणसं बिचकत परत आली, तर कणगीतला दाणा हललेला नव्हता. त्यांनी भिवराला अक्षरशः खांद्यावर घेतलं. गावचे पाटील बयाजीराव यांनी तिला लुगडं दिलं. त्याच बैठकीत ठरलं की दर साली टोळी येईल तेव्हा भिवरानेच त्यांना जेवू घालायचं. पीठ घराघरांतून जमा होईल, कुळीथ घराघरांतून जमा होईल. मीठ तेवढं तिचं.

तसंच होऊ लागलं. दर साली सुगीनंतर टोळीचा एक स्वार आदल्या दिवशी येऊन वर्दी द्यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी टोळी जेवायची आणि खाली उतरायची. मग दोन-तीन दिवस खाली दूरवर मोठ्या बाजारगावांच्या बाजूला धूर दिसायचा. तो चुलींचा नसायचा. हिरडवाडीची माणसं तेवढे दिवस खिंडीकडे फिरकायची नाहीत. भिवराला मात्र खिंडीतच राहावं लागे. ती दरीकडे पाठ करून बसायची.

कुणी विचारलं, की बाबांनो, तुमचंच गाव कसं वाचतं, तर हिरडवाडीची माणसं सांगायची, वाघजाईचं अभय आहे. मिठाचं कुणी बोलायचं नाही. खालच्या गावांनी ते खरं मानलं. वाघजाईला नवस करायला माणसं खालून वर येऊ लागली. म्हाळसालासुद्धा आईने खरं सांगितलं नव्हतं. माहेरी आली की म्हाळसा देवीला नारळ फोडायची आणि म्हणायची, "आये, तुझं नशीब थोर. असं गाव कुणाला मिळतं?" भिवरा तेव्हा चुलीत फुंकर घालत बसायची. लाज वाटायची तिला, असं तात्यांचे आजोबा सांगत. पण लेकीला काय सांगणार? आम्ही त्यांना पोटभर जेवू घालतो आणि मग तुमच्या बाजूला सोडतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आंबेघोळ तसं आडबाजूला होतं, लहान होतं. टोळीने त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. अशी बरीच सालं गेली. म्हाळसाला मूल झालं.

मग ते साल आलं. वर्दी द्यायला आलेला स्वार सकाळी भिवराच्या दारात उभा राहिला आणि घोड्यावरूनच म्हणाला, "उद्या जेवायला येतोय. आन् पाटलाला सांग, आंबेघोळची वाट दाखवायला एक माणूस दे. बाकीची गावं कोरडी झाली, तेवढंच राहिलंय."

भिवरा तशीच उठून पाटलाच्या घरी गेली. बयाजीराव ओटीवर सुपारी कातरत बसले होते. तिने निरोप सांगितला आणि म्हणाली, "खाली सांगावा धाडा. माझी लेक हाय तिथं."

पाटलांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "भिवरा, इतकी सालं त्यांना कोण जेवू घालतं?"

"मीच."

"आपल्या घरचं जेवलेल्या माणसाशी दगा करायचा?"

"मीठ त्यांनी खाल्लंय, पाटील. मी न्हाई खाल्लं त्यांचं."

"खाणारा बांधलेला, तसा घालणारा बी बांधलेला," पाटील म्हणाले. "पाहुणा म्हणून ताटावर बसवायचा आन् मागून त्याची वाट अडवायची, हे हिरडवाडीत झालेलं न्हाई. आन् उद्या त्यांना कळलं, तर ह्या गावाचं काय व्हईल त्याचा इचार कर. तुझी एक लेक तिथं हाय. हितं सगळ्यांच्या लेकी हायेत."

पाटील वाईट माणूस नव्हते. तात्या हे दर वेळी सांगतात. ते खरंच तसं मानत होते आणि सगळं गाव तसंच मानत होतं. भिवराही मानत होती, हीच तर खरी अडचण होती. दुसऱ्या कुठल्या मुलखातली बाई असती तर मीठही घातलं असतं आणि गुपचूप सांगावाही धाडला असता. भिवराला ते सुचलंच नाही. मीठ घालायचं म्हणजे तो माणूस आपला पाहुणा झाला, मग त्याच्याशी दगा नाही. एवढं तिच्या हाडात मुरलेलं होतं.

ती परत खिंडीत आली आणि चुलीपुढे बसली. गेल्या सालचं मीठ गेल्या सालाबरोबर फिटलं, म्होरक्या स्वतःच तसं म्हणाला होता. उद्याचं अजून घातलेलं नाही. घातलंच नाही, तर? तर ती माणसं आपली पाहुणी नाहीत. मग आपणही मोकळ्या. मग सांगावा धाडला तर तो दगा नाही.

आणि मग टोळीही मोकळी, हे तिला कळत होतं. हिरडवाडी लुटली जाईल. पण हिरडवाडीला रान होतं. पहिल्या सालासारखी एक हाक मारली की माणसं झाडीत जातील. दाणे जातील, छपरं जळतील, माणसं राहतील. खाली आंबेघोळची माणसं झोपेत सापडली तर काहीच राहणार नाही. तिने दोन्ही गावं अशी मनात तोलून पाहिली आणि आपल्या लेकीचं गाव जड ठरलं. तसं ते कुठल्याही आईला ठरलं असतं.

दुपारी भीमा नावाचा तांडेवाला बैल घेऊन खाली निघाला होता. भिवराने त्याला थांबवलं.

"आंबेघोळात म्हाळसाला सांग. उद्या घोडी येतायत. गावाला सांगून घरं सोडा म्हणावं. उजाडल्यावर तिथं कुणी थांबू नका."

भीमाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बैल हाकले. कुठे जा, ते ती बोलली नाही. आंबेघोळच्या मागे ओढा होता, ओढ्यापलीकडे दाट रान होतं. जायचं ते तिकडेच, हे वेगळं सांगायला हवं असं तिला वाटलं नसणार. ती स्वतः हिरडवाडीची होती. पळायचं म्हणजे रानात पळायचं, एवढंच तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळीच चूल पेटवली. गावातल्या बायका पीठ घेऊन आल्या, भाकऱ्या थापू लागल्या. पिठल्याला भिवराने कुणाला हात लावू दिला नाही. मिठाचं मडकं आत कोनाड्यात होतं. ती त्याच्याकडे गेली नाही. आधी बोलली असती तर पाटलांनी चुलीवर दुसरीला बसवलं असतं, म्हणून गावाला सांगायचं तिने शेवटच्या घटकेवर ठेवलं होतं.

दुपारी टोळी आली. एवढ्या सालांत गावाची भीती मोडली होती. गावातली पोरंसोरं घोडी बघायला खिंडीत जमली. एक आजीबाई ओळखीच्या स्वाराला त्याच्या गुडघ्याचं दुखणं विचारत होती. पाटीलही हातात पानाचं तबक घेऊन उभे होते. भिवरा वाढता वाढता प्रत्येकाजवळ जाऊन हळू आवाजात म्हणत होती, "घरला जावा. पोरं उचला आन् रानात जावा." माणसं हसत होती. "भिवराआत्याला ऊन लागलं," एक जण म्हणाला. ती पुन्हा सांगत होती, पुन्हा माणसं हसत होती. पळायची सवय त्यांना राहिली नव्हती. ती सवय तिच्याच मिठाने घालवली होती.

म्होरक्याने पहिला घास घेतला. चावता चावता तो थांबला. त्याच्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मीठ इसरलीस?" तो म्हणाला.

"इसरले न्हाई," भिवरा म्हणाली.

 त्याने पुढचा घास घेतला. तसंच अळणी पिठलं कालवून तो एकेक घास सावकाश खात राहिला आणि त्याची माणसंही खात राहिली. पाटलांनी हातातलं तबक खाली ठेवलं. त्यांना कळून चुकलं होतं. "भिवरे," ते दबक्या आवाजात म्हणाले, "भिवरे, काय केलंस हे?" भिवराने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर दरीच्या बाजूला होती. आंबेघोळची छपरं शांत होती, एकातूनही धूर नव्हता. म्हणजे सांगावा पोचला. माणसं गेली. तिच्या जिवाला क्षणभर बरं वाटलं, असं सांगतात. त्या बाईला उभ्या जन्मात तेवढाच क्षण.

कारण त्याच वेळी कोकणाकडची वाट जिथे माथ्यावर येते, तिथे एक गाठोडं दिसलं. गाठोड्याखाली डोकं. मग दुसरं गाठोडं, तिसरं. चढ असा उभा, की माथ्यावर डोकं येईपर्यंत वर काय चाललंय ते खालून दिसत नाही. बायका, म्हातारे, शेरडं, कोंबड्यांच्या डालग्या, सगळं आंबेघोळ एकामागून एक वर येत होतं. सगळ्यांत पुढे म्हाळसा, कडेवर मूल घेऊन. दम लागलेला, तोंड लाल झालेलं, आणि आईची खोप दिसली म्हणून हसत होती.

वाघजाईचं अभय असलेलं गाव सोडून ती माणसं रानात कशाला जातील? घोडी येणार म्हटल्यावर म्हाळसानेच साऱ्या गावाला सांगितलं होतं, चला, माझ्या माहेरी चला, तिथं कुणी हात लावत नाही.

भिवरा किंचाळली नाही. ती आत धावली, कोनाड्यातलं मडकं घेऊन बाहेर आली. मूठभर मीठ काढून ती म्होरक्याच्या ताटाकडे वाकली. म्होरक्याने आपला पंजा ताटावर आडवा धरला.

"आता नको," तो म्हणाला.

"एक घास, बाबा. एवढा एकच घास मिठाचा खा."

"पोट भरलं."

"माझी लेक हाय ती. बघ, ती पुढची. तिच्यासाठी खा."

"सकाळपासनं मडकं घरात होतं ना?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तूच घातलं न्हाईस. इतकी सालं तुझ्या मिठानं ह्या गावावरनं रिकाम्या हातानं जायचो. आज मोकळं केलंस."

तिने त्याचा पंजा बाजूला करायचा प्रयत्न केला. मीठ त्याच्या बोटांवर पडलं, ताटाबाहेर पडलं, मातीत पडलं. त्याने हात झटकला, उठला आणि पाणी मागून चूळ भरली.

पुढचं तात्या फार सांगत नाहीत. त्यांच्या आजोबांनीही सांगितलं नव्हतं. दोन गावांची माणसं एका अरुंद खिंडीत सापडली, मागे उभा उतार आणि पुढे घोडी. पाटील तिथेच पडले. हिरडवाडी जळाली. टोळीने धान्य नेलं आणि तरणी माणसंही नेली. म्हाळसाचं काय झालं ते कुणाला सांगता आलं नाही. कुणी म्हणालं, तिने मुलासकट कड्यावरून उडी घेतली. कुणी म्हणालं, तिला घोड्यावर घातलेली पाहिली. भिवराने कड्याखाली जाऊन दगड अन् दगड पाहिला. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर निदान रडता तरी आलं असतं.

टोळी त्या साली खाली उतरलीच नाही. खिंडीतच त्यांच्या गोण्या भरल्या, ते आले तसे परत गेले. आंबेघोळच्या एका छपराची काडी हलली नाही. घरं होती तशी उभी होती, दारं उघडी, रांजण भरलेले. परत जायला माणसं तेवढी नव्हती.

जे थोडे वाचले, ते खिंडीत जमले. भिवराला कुणी शिवी दिली नाही, कुणी मारलं नाही. नुसते बसून राहिले. मग भिवरा उठली. मडक्यात उरलेलं मीठ तिने हिरड्याखालच्या दगडाच्या खळग्यात ओतलं आणि म्हणाली, "आजपासनं ह्या हातानं कुणाला मीठ न्हाई. ज्याला पायजे त्यानं आपलं आपण घ्यावं. कुणाचं कुणावर काय न्हाई."

पुढे ती बरीच सालं जगली. तांडे पुन्हा येऊ लागले, तिने पुन्हा चूल पेटवली. दुसरं करण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. जेवण अळणीच असायचं. तांडेवाले उठून दगडाकडे जात. रोज सकाळी ती कड्यावर उभी राहून खाली बघायची. आंबेघोळात कुणी चूल पेटवायला नव्हतं, तरी बघायची. तिच्या मागून त्या चुलीवर जी बसली तिने तसंच केलं आणि मग सगळ्या गावाने.

तात्या थांबले. निनादच्या ताटातलं पिठलं थिजलं होतं.

"पण तात्या," केतकी म्हणाली, "तिने मीठ घातलं असतं तर?"

"तर आंबेघोळ जळालं असतं."

"आणि सांगावा धाडला नसता, पण मीठही नसतं घातलं?"

"दोन्ही जळाली असती."

"आंबेघोळवाल्यांना रानात जा म्हणून सांगितलं असतं तर?"

"तर हिरडवाडी गेली असती. हितली माणसं पळायचं इसरली होती." तात्यांनी टोपी डोक्यावर घातली. "पोरी, म्या बी लई उलटंसुलटं करून बघितलंय. माझ्या आज्यानं बी बघितलं असंल. वाट न्हाई त्यात."

"आणि त्या डोणीतलं मीठ?" निनादने विचारलं. त्याचा आवाज खाली आला होता. "ते विरघळत नाही म्हणतात. बाहेरच्या पाटीवर लिहिलंय."

"कॅफेवाल्यानं लिवलंय ते. पावसात चांगलं इरघळतं. आम्ही परत भरतो."

आजही हिरडखिंडीत जेवण अळणीच मिळतं. आजही इथलं कुणी रस्त्यावर उभं राहून गाडीवाल्यांना "या, जेवायला या" म्हणून हाक मारत नाही. आलात तर वाढतात, नाही आलात तर बोलवत नाहीत. खाली आंबेघोळच्या घरांची दगडी जोती अजून आहेत. लोक तिथे उतरून फोटो काढतात. जागा छान आहे, आमराई आहे. त्या बाजूला वस्ती पुन्हा झाली ती लांब, ओढ्यापलीकडे. त्या वस्तीची माणसं घाट चढून वर येतात, खिंडीत गाडी थांबवतात, इंजिनात पाणी घालतात आणि पुढे जातात. हिरडखिंडीत ती जेवत नाहीत. त्यांना कुणी का म्हणून विचारत नाही.

आणि आणखी एक रीत आहे, ती पाहुण्यांच्या सहसा लक्षात येत नाही. जेवणारा उठून हिरड्याकडे जायला लागला, की खानावळीतलं माणूस पाठ फिरवतं. त्याने मीठ घेतलं की नुसतंच पाहून परत आला, ते कुणी बघत नाही, म्हणजे कुणाचं कुणावर काही राहत नाही.

केतकी उठली आणि झाडाकडे चालू लागली. शालनने तवा पुसायला घेतला. तात्यांनी बाकावरच तोंड वळवलं आणि भिंतीकडे बघत बसून राहिले.